निळ्या कपाटावरची पाच बोटं

मंदीच्या आधी दुबई मरीनात राहणाऱ्या युरोपियन बायका देश सोडताना घरातलं सामान सावकाश, चहा पाजून विकायच्या. मंदी आली तशा त्या आठवड्याभरात चंबूगबाळं आवरून निघू लागल्या, आणि मी शुक्रवारी सकाळी शारजाच्या अल नहदातून टॅक्सी करून त्यांच्याकडे जाऊ लागले. मला वेड होतं फ्रान्सच्या खेड्यांतल्या जुन्या सामानाचं. टवके गेलेले इनॅमलचे जग, गवताच्या बैठकीच्या खुर्च्या, कणीक मळायची पाय असलेली लाकडी पेटी. चकचकीत पॉलिशच्या फर्निचरचा मला पहिल्यापासून राग आहे; त्यावर पाण्याचा पेला ठेवायचीही चोरी. या वस्तूंवर मात्र कुणीतरी आयुष्यभर राबलेलं दिसायचं. आमच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा उरली नव्हती, आणि नवरा मला उघड उघड भंगारवाली म्हणायचा.

तो एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होता, खर्चाचे अंदाज काढणारा. एका संध्याकाळी बूटही न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "पगार अर्धा केला. हाउस अलाउन्स बंद. महिन्यातले पंधरा दिवस अनपेड लीव्ह." मग माझ्याकडे न बघता पुढचं बोलला. "तू आणि पिल्लू पुण्याला जा. मी बेडस्पेस घेतो, कुणाच्या तरी खोलीत नुसती एक खाट. सहा महिने, फार तर."

आमच्याच मजल्यावरच्या दोन घरांचे असे सहा महिने संपता संपत नव्हते. त्यांतला एक जण लिफ्टमध्ये भेटला की आधी मुलांचे फोटो दाखवायचा, मग नमस्कार करायचा. माझ्या मुलीला फोनवरचा बाप मला द्यायचा नव्हता. मी जाणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. तरी त्याने दसऱ्यानंतरच्या दहाव्या दिवसाची आम्हा दोघींची तिकिटं काढलीच.

मग मी ठरवलं, सामान विकायचं. सगळ्यात देखणं होतं एक बुटकं, दोन दारांचं कपाट. त्याचा करडा-निळा रंग उन्हाने इतका विरला होता की हात फिरवला तर बोटांना भुकटी लागे. अबुधाबीत एका गेस्टहाउसची सजावट करणाऱ्या लेबनानी बाईला मी फोटो पाठवले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बघायला येते, असं तिचं उत्तर आलं. "चार हजार दिरहम सांगितलेत," मी म्हणाले. "म्हणजे पन्नास हजार रुपये?" नवऱ्याने भिवया वर केल्या. एवढ्यात महिन्याचं भाडं आणि मुलीची फी निघत होती. एक वस्तू गेली की दुसरीला गिऱ्हाईक मिळेल आणि आम्ही तिघं एका छपराखाली राहू, एवढाच माझा हिशेब.

आमच्याकडे दसऱ्याला पोटापाण्याच्या वस्तूंची पूजा करतात. सासरे स्कूटरची करायचे, आई शिवणयंत्राची. यंदा आमचं पोट त्या कपाटावर होतं. मी वाटीत हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि उजव्या दारावर मनापासून पाच बोटं ओढली. मुलगी म्हणाली, "मम्मा, व्हाय आर यू पेंटिंग इट?" मी तिला हात जोडायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुसायला गेले तर बोटं निघेनात. त्या कोरड्या रंगाने सगळं पिऊन टाकलं होतं. साबण लावला तशी हळदही लाल झाली, आणि फडक्याला निळा रंग येऊ लागला. मी हात मागे घेतला.

"डोन्ट पॅनिक," नवरा म्हणाला. "खालून पेंटचा डबा आणतो. एक कोट मारला की खलास. तिला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना! रंग मारल्यावर ते काल मॉलमधून आणलेलं कपाट होईल. मग तिला विकायचं काय?"

"तुला इथे राहायचंय की नाही?" तो ओरडला.

"राहायचंय. पण फसवून नाही."

हे बोलून मी न्हाणीघरात जाऊन रडले. खरं सांगायचं तर तो डबा आणायला मीच दोनदा निघाले होते.

बाई आल्या आल्या मी तिला पाच बोटं दाखवली आणि कारणही सांगितलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. "हबीबती, असं मी गेस्टहाउसमध्ये ठेवू शकत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "घासून देशील?"

"नाही. घासलं तर कपाट मरेल."

तिने खांदे उडवले. दाराशी सँडल घालायला ती माझ्या एका खुर्चीवर टेकली, उठली, आणि ती खुर्ची उलटी करून खालून बघू लागली. "हे कुणी विणलं?"

मीच विणलं होतं. फाटलेली एक बैठक पेडापेडाने उसवून, लिहून काढून मी ती विद्या शिकले होते. चटईवाल्याकडून पाणगवत आणून बाथटबमध्ये भिजत घालायचं. ते असेपर्यंत घरातले सगळे बादलीत पाणी घेऊन आंघोळ करायचे.

"माझ्या गोदामात अशा बारा खुर्च्या फाटून पडल्यात. इथे कुणालाच येत नाही हे. दोन आठवड्यांत देशील?"

"इन्शाल्ला," मी म्हणाले.

"इन्शाल्ला नको. येस की नो?"

"येस."

तिने सांगितलेले पैसे कपाटाच्या चार हजारांहूनही जास्त होते. ती गेल्यावर मात्र मी हिशेब मांडला. एका खुर्चीला मला पूर्ण दोन दिवस लागत. बारा खुर्च्या, चौदा दिवस, आणि नवव्या दिवशी विमान. हे गणित नवऱ्याला सांगावं लागलं नाही. तो आत निघून गेला.

खुर्च्या दुसऱ्याच दिवशी आल्या. मी पहिली घेऊन बसले. थोड्या वेळाने तो आला, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्यासमोर ओल्या वर्तमानपत्रावर मांडी घातली. "कुठून सुरू करायचं?"

कोपऱ्यातून, मी सांगितलं, दोन काड्या एकत्र पिळत. त्याची पहिली बैठक मी दोनदा उसवायला लावली. तो चिडला, बोट कापून घेतलं, पण उठला नाही. दुपारी ओल्या हातानेच त्याने ट्रॅव्हल एजंटला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अगली डेट कौनसी डालूं, सर?"

"डेट मत डालो," नवरा म्हणाला. "कॅन्सल करो. घर में काम है."