बास गिटार घासताना

एक जुना ऑर्केस्ट्रा बंद झाला, तेव्हा त्यांची बास गिटार मी घरी आणली. चार जाड तारांची, खर्जात बोलणारी. लाकूड ठणठणीत होतं, पण धातूचं जे जे होतं त्याची रया गेली होती. तारा पिळायच्या किल्ल्या काळ्या, खाली तारा अडकतात त्या पट्टीवर वाजवणाऱ्यांच्या घामाचा हिरवा थर, बारीक स्क्रू गंजलेले. वरून आमच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्राची राख.

रविवारी सकाळी क्वार्टरच्या व्हरांड्यात चादर अंथरून मी सगळं खोलून बसले. बाबा शेजारी येऊन टेकले. त्यांची सगळी नोकरी वीज केंद्रात, टर्बाइनच्या घरघरीत गेली आणि तिथेच त्यांचे कान गेले. कानाचं मशीन घेऊन दिलं, तर म्हणतात, "त्यात नुसती भांडी आदळतात." घरात आम्ही त्यांच्याशी हातवाऱ्यांनीच बोलतो.

"मले दे," म्हणत त्यांनी किल्ल्या ओढून घेतल्या. चिंच आणायला उठले, तेव्हा मी मानेनेच नको म्हटलं. चिंचेने वरचा मुलामा निघाला असता. मग जुना टूथब्रश, शिलाई मशीनचं तेल, शेवटी मऊ फडक्यावर पॉलिश. फडकं काळं होत गेलं आणि किल्लीत हळूहळू पेरूचं झाड दिसू लागलं, मग बाबांचं नाक. ते लहान मुलासारखे हसले.

सगळं परत बसवून मी नवीन तारा चढवल्या. गिटार हलू नये म्हणून बाबांनी ती छातीशी धरली होती. सगळ्यात जाड तार पिळून झाली आणि मी ती सहज छेडली.

बाबा दचकले. एक हात उचलला, पुन्हा लाकडावर ठेवला.

"काय होतं हे? अजून वाजव."

मी वाजवली. त्यांनी हनुवटी लाकडावर टेकवली, डोळे मिटले.

"आवाज येऊन राह्यला मले," ते म्हणाले. "कानात नाई. इथी." आणि छातीवर हात ठेवला.

मी कितीतरी वर्षं बास गिटारच वाजवते. आवाज म्हणजे कानाची गोष्ट, असंच धरून चालले होते. भीतभीतच एक साधी चाल वाजवली. डोळे न उघडता बाबा सांगत गेले, "आता खाली उतरला... आता थांबला." एकदाही चुकले नाहीत.

कणकेच्या हातांनी आई बाहेर आली. बाबांनी तिचा हात धरून लाकडावर ठेवला.

"अगं बाई, मुंग्या येऊन राह्यल्या!" ती म्हणाली, पण हात काढला नाही. मी वाजवत राहिले. पोळ्यांना त्या दिवशी उशीर झाला.

दिवाळीनंतर गडचिरोलीत आमच्या बँडचा कार्यक्रम झाला. बाबा एसटीने आले. खुर्चीवर बसलेच नाहीत. लाकडी स्टेजच्या कडेला, स्पीकरच्या पेटीला टेकून, चपला काढून बसले, दोन्ही तळवे फळ्यांवर. समोर माणसं बोलत होती, चहा पीत होती. बाबा मात्र देवळात बसावं तसे बसले होते.

संपल्यावर माझ्याजवळ आले.

"मधल्या गाण्यात घाई केली तू," म्हणाले.

केली होती. आमच्यातल्या कुणालाच ती कळली नव्हती.