शेळगावचा बीकॉम

कुंडलिक भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लहानपणी तो म्हशीला भ्यायचा, शाळेत गुरुजींना, आणि पुण्याला गेल्यावर परचुरे साहेबांना भ्यायला लागला. एवढ्या भित्र्या माणसानं उभ्या तरुणपणात एकच धाडस केलं आणि तेही चोरून केलं.

ही पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. मॅट्रिक झाल्यावर त्यानं पुण्यात एका कॉमर्स कॉलेजात नाव घातलं. सकाळचे तास होते. पुढं कुणीतरी कानात सांगितलं की नुसत्या बी. कॉम.ला कोण विचारतो, हिशेब तपासायची सनद मिळव, सी. ए. हो. त्यासाठी एखाद्या सनदी साहेबाच्या हाताखाली काही वर्षं उमेदवारी करावी लागायची. कुंडलिक परचुरे साहेबांकडे गेला. करारावर सही घेताना साहेबांनी त्यातली एक अट मोठ्यानं वाचून दाखवली: उमेदवारी चालू असेतो परवानगीवाचून दुसरा कुठलाही अभ्यासक्रम करायचा नाही.

"दोन दगडांवर पाय ठेवणारा मला चालत नाही," साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले. "मागं एक जण सापडला. त्याची उमेदवारी रद्द केली. झालेली सगळी वर्षं पाण्यात गेली."

त्याच वेळी तोंड उघडून कुंडलिकनं कॉलेजचं सांगितलं असतं, तर परवानगी कदाचित मिळूनही गेली असती. पण त्याची जीभ टाळ्याला चिकटली आणि हातानं निमूट सही केली. शहाणा माणूस असता तर त्यानं दोहोंतलं एक सोडलं असतं. कुंडलिकला सोडायचीही भीती वाटत होती. कॉलेज सोडावं, तर सनदेच्या परीक्षेत भले भले गटांगळ्या खाताना तो बघत होता. सनद सोडावी, तर नुसती पदवी घेऊन फिरणारेही त्याला रोज दिसत होते. मग काय, पहाटे उठायचं, तास संपला की सायकल दामटत ऑफिस गाठायचं, घाम पुसून चेहऱ्यावर आत्ताच झोपेतून उठल्यासारखा भाव आणायचा. साहेबांबरोबर बाहेरगावी जायची वेळ आली की वर्गात एक मित्र त्याच्या नावाला "हजर" म्हणायचा. साहेबांनी नुसतं "कुंडलिक, जरा इकडे या" म्हटलं तरी तो दचकून उभा राहायचा.

गावाकडं मात्र सगळं उघड होतं. त्याचे वडील रावजी पाटाच्या पाण्यावर ऊस काढणारे, बोलायला थोडे पण शब्दाचे पक्के. कुणाची पाळी होती, कुणी बारं फोडून पाणी आपल्या वाफ्यात वळवलं, यावरून दोघांची जुंपली की "रावजी काय म्हणतोय ते बघा" एवढ्यावर भांडण मिटायचं. अशा माणसानं पोरगा कॉलेजात गेला म्हणून गावभर साखर वाटली होती. तेव्हापासून शेळगावात कुंडलिकला कुणी नावानं हाक मारेना. म्हातारी-कोतारीसुद्धा त्याला "बीकॉम" म्हणायची. दिवाळीला घरी आल्यावर त्यानं रावजींना एका बाजूला नेऊन अटीची गोष्ट सांगितली, तेव्हा रावजींनी मळलेली तंबाखू दाढेखाली धरली.

"माझ्या तोंडाला कुलूप," ते म्हणाले. "पर गावाच्या तोंडाला कसं लावू, बाबा?"

उमेदवारीची दोन वर्षं सरल्यावर, हिवाळ्यात साहेबांना बारामतीच्या एका गुळाच्या पेढीचे हिशेब तपासायचं काम मिळालं. कुंडलिक बरोबर होताच. बारामतीत तो जीव मुठीत धरून वावरला. टोपी भुवयांपर्यंत ओढली, जेवायला खाणावळीच्या कोपऱ्यात बसला. तिथं ओळखीचं कुणी भेटलं नाही. आता सुटलो, असं वाटत असतानाच साहेब म्हणाले, "उद्या पेढीच्या इंदापूरच्या गूळ-पेंडीच्या दुकानाचं बघून टाकू. तुमचाच तालुका ना?"

दुसऱ्या दिवशी इंदापूरचा बाजार होता. निम्मं शेळगाव तिथं येणार, आणि त्यातला कुणीही त्याला बघून काय हाक मारणार, हे कुंडलिकला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी त्यानं पोटदुखीचं सोंग घेतलं. साहेबांनी मायेनं ओवा चावायला दिला आणि म्हणाले, "इथं एकटे काय करणार? चला, तिथं नुसते बसून आकडे वाचा." एस. टी.त तो खिडकीकडं पाठ करून बसला.

इंदापूरच्या दुकानाचे मालक मोहनराव गप्पिष्ट निघाले. गादीवर लोडाला टेकून त्यांनी चहा मागवला. साहेब पावत्या बघत होते, कुंडलिक दाराकडं पाठ करून आकडे वाचत होता आणि हिरव्या पेन्सिलीनं खुणा करत होता. बाहेर बाजार भरत चालला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला की त्याचा आकडा चुकायचा. साहेबांनी दोनदा टोकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसतं बघितलं.

पेंडीची रिकामी पोती परत करायला गेणबा आत आला. गेणबा म्हणजे शेळगावचा, रावजींच्या बांधाला बांध असलेला. वांगी-टोमॅटो पिकवायचा आणि जगातलं सगळं बोलून दाखवायचा. त्यानं पोती टाकली, वळला आणि थबकला.

"आरं, बीकॉम! कालेज बुडवून हितं रं काय करतुयास?"

कुंडलिकच्या हातातली पेन्सिल गळून पडली. साहेबांनी हातातली पावती हळूच खाली ठेवली.

"कसलं कॉलेज?" त्यांनी विचारलं.

"पुन्याचं की, साहेब! सकाळचं भरतंय. आमच्या गावातला पयला गडी हाय ह्यो," गेणबा कौतुकानं म्हणाला. कौतुकाइतका घात दुसरं काही करत नाही.

साहेब कुंडलिककडं वळले. "काय हो? खरं आहे का हे?"

कुंडलिकला बोलायचं होतं. हो म्हणावं की नाही म्हणावं, तेच त्याला कळेना. हाताखाली घालवलेली सगळी वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून ओढ्याच्या पुरासारखी वाहून जाताना दिसली. तेवढ्यात दारात सावली पडली. गेणबाबरोबर गाडीवर आलेले रावजी बैल बांधून आत येत होते. आत कोण बसलंय आणि काय चाललंय, हे त्यांना एका नजरेत कळलं.

"ह्यो बगा ह्येचा बा," गेणबा म्हणाला. "इचारा त्यास्नी. रावजी कदी खोटं बोलत न्हाय."

"तुमचा मुलगा कॉलेजात शिकतो?" साहेबांनी विचारलं.

रावजींनी मुलाकडं बघितलं. कुंडलिकनं मान खाली घातली. रावजींनी डोक्याचा पटका काढून काखेत धरला.

"न्हाय, साहेब," ते म्हणाले. "कुटलं कालेज? आमच्यात कोन शिकलंय? तुमच्या हाताखाली हाय, तेवडंच."

"आरं पर साखर वाटलीस की तू," गेणबा म्हणाला.

"वाटली. पोराला पोरी सांगून येईनात, म्हून कालेजची थाप मारली. कालेजवाला म्हनलं की सोयरिकी येत्यात. चुकलं माझं."

मोहनराव गदगदून हसले. साहेबही हसले, तसल्या थापा त्यांनी पुण्यातही ऐकल्या होत्या. हसला नाही तो गेणबा. तो रावजींकडं बघतच राहिला.

"माझी भन तिच्या पोराला शाळंतनं काडत व्हती," तो सावकाश म्हणाला. "म्या तिला तुझ्या कुंडलिकचं सांगितलं. आनभाक घिऊन सांगितलं. का, तर रावजीनं सांगितलंय म्हून."

पटका पुन्हा बांधायला रावजींना वेळ लागत होता. कुंडलिकच्या मनात आलं, आत्ता उठावं आणि खरं काय ते सांगून टाकावं. होऊन होऊन काय होईल? पण काय होईल ते त्याला नीट माहीत होतं. त्यानं वाकून पेन्सिल उचलली.

"चला, पुढची पावती," साहेब म्हणाले. कुंडलिकनं आकडा वाचला. तो मात्र बरोबर वाचला.

पुढं त्याला पदवी मिळाली, तीही चोरून. त्यानंतर उमेदवारी संपली, शेवटची परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली आणि नावापुढं सनद लागली. आता साहेबांची भीती नव्हती, कराराची नव्हती. तो घरी आला आणि रावजींच्या पाया पडून म्हणाला, "आबा, आता सांगा गावाला. दोन्ही झालं."

रावजी आता म्हातारे दिसायला लागले होते. पाटावर भांडण झालं तरी त्यांच्याकडं कुणी येत नव्हतं.

"तूच सांग, बाबा," ते म्हणाले. "माझं कोन ऐकतंय?"

कुंडलिक गेणबाच्या मळ्यात गेला. गेणबा वांग्यांना पाणी देत होता. कुंडलिकनं त्याला अट, कॉलेज, इंदापूरचा तो दिवस, सगळं सांगितलं. वडील खोटं का बोलले तेही सांगितलं. गेणबानं खोऱ्यानं बारं बंद केलं आणि कपाळाचा घाम पुसला.

"मंग तू त्या दिवशी गप का बसलास?"

"भ्यालो व्हतो, तात्या."

गेणबानं मान हलवली. "भ्याला तर तुझा बा बी व्हता," तो म्हणाला आणि पुढच्या वाफ्याकडं वळला.