अंगठा चुकवायला शिकलेली सही

ये गं नाती, कागदावर का होईना, माझ्याजवळ बस. फोनवर काही सांगायला घ्यावं तर तुझं आपलं, ‘मोठीमाय, पटकन सांग, माझी बस आली.’ त्या इंग्लंडातल्या सगळ्या बसा तुझ्यासाठीच निघतात का गं? तीनदा तुला सांगायला घेतलं की मला भीती वाटतेय, आणि तीनदा तू म्हणालीस, ‘काही होत नाही, आराम कर.’ म्हणून आता कागदावर लिहिते. कागदाला तरी मध्येच तोडता येत नाही.

भीती कसली ते आधीच सांगते, नाहीतर मी भलतीकडेच वळते हे तुला ठाऊक आहे. रेशनकार्डावरून माझं नाव निघेल याची भीती. आपल्या कार्डावर सगळ्यात वर माझं नाव आहे, शेजारी माझा फोटो. आता फर्मान आलं की कार्डावरच्या प्रत्येकाने दुकानात येऊन मशीनवर अंगठा लावायचा, ओळख पटवायची. मुदतीत नाही पटली तर नाव कट. तुझा मामा, मामी, माझा नातू, सगळ्यांचे अंगठे एका दमात लागले. माझाच राहिला. म्हणजे मी उपाशी मरेन असं नाही, मामी मला घास घालेलच. पण ते नाव मी कसं मिळवलंय ते तुला कुणी सांगितलं नाही.

दुकानात जायच्या आदल्या दिवशी मीच शहाणपणा केला. हिवाळाभर घरची मिरची खुडलेली, बोटं लाल-काळी. सरकारपुढे असला अंगठा कसा न्यायचा? म्हणून राख घेतली, वर वजरी घेतली, टाचा घासतो तसा अंगठा चांगला खसाखसा घासला. गुळगुळीत केला अगदी. मामी म्हणाली, ‘आत्याबाई, लगीनले जाई ऱ्हायनात का?’ आणि दुसऱ्या दिवशी ते मशीन टूं टूं करून लाल व्हायचं, परत लाल व्हायचं.

‘मावशी, उमटी नही ऱ्हायना,’ दुकानदार म्हणाला. ‘आखो एकदाव दाब.’

दाबला. उजवा, डावा, मग दहाच्या दहा बोटं. मागे रांग वाढत होती. कोणीतरी म्हणालं, ‘मावशीनी मिरचीसंगे आंगठाबी वाळाले टाकी दिधा व्हई!’ सगळे हसले, मीपण हसले. पण अंगठा पदराला पुसून पुन्हा मशीनवर ठेवला.

‘मशीन म्हणस, हाई बाई ती नही शे,’ दुकानदार म्हणाला.

‘अरे पण तू त वळखस ना माले? तुन्हा बारसाना घुगऱ्या मी वाट्यात!’

‘मन्हा वळखाना काय उपेग, मावशी?’ तो खाली मान घालून म्हणाला. वाईट वाटलं असणार त्याला. पण पुढच्याला हाक मारली त्याने.

आता ऐक, मी अंगठ्याला का भिते ते. मी लग्न होऊन आले तेव्हा चावडीवर तलाठी यायचा. बायांनी कोपऱ्यात, पदर नाकापर्यंत ओढून बसायचं. एकदा माझ्या सासूला पुढे बोलावलं. त्याच्या माणसाने तिचा अंगठा असा धरला जसा आपण कोंबडीचा पाय धरतो, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. काय लिहिलं होतं ते ना तिने विचारलं, ना कुणी सांगितलं. घरी येऊन ती अंगठा भिंतीला पुसत बसली. शाई जाता जाईना. मी विचारलं, ‘कशावर दिला?’ ती म्हणाली, ‘देवले ठाऊक.’ त्या दिवशी मी ठरवलं, अंगठा द्यायचा नाही.

पुढे तुझे आजोबा गेले आणि मी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जाऊ लागले. मोकळ्या मैदानात मिरची पसरलेली, जिकडे नजर जाईल तिकडे लाल, आणि आम्ही बाया तोंडाला फडकी बांधून देठ खुडायच्या. हाताची आग व्हायची, रात्री लेकराला कुशीत घेताना हात लांब धरायचा. तुझा मामा तेव्हा पहिलीत. त्याची पाटी बघून बघून मी अक्षरं घेतली. दुपारच्या सुट्टीत मिरचीच्या देठाने धुळीत नाव काढायचे आणि मुकादम आला की पायाने पुसायचे. वर्ष लागलं गं. मग एके दिवशी हजेरीच्या वहीपाशी शाईचा डबा पुढे आला तेव्हा मी म्हटलं, ‘पेन द्या.’ मुकादमाने कानामागचं पेन काढून दिलं. माझी सही वाकडी आली, ओळीच्या बाहेर गेली. बाया म्हणाल्या, ‘हाई आते मास्तरीन व्हयनी!’ पण त्यानंतर रेशनकार्डावर नाव घालायला चावडीत गेले, सही केली, तर तोच तलाठी म्हणाला, ‘बसा.’ बसायला सांगितलं मला.

तो काही देव नव्हता हां. तुला वाटेल मोठीमाय जुन्याचं कौतुक करते. चहा पाजल्याशिवाय त्याची लेखणी हलायची नाही. पण त्याला दार होतं. एकदा सासूचं नाव चुकीचं लिहिलं तर ती माउली त्याच्या दारात जाऊन बसली, सकाळपासून. त्याची बायको तिला पाणी देऊन देऊन दमली. शेवटी त्याने वही काढली आणि दुरुस्ती केली. आता मी कुणाच्या दारात बसू?

बसून पाहिलं ना. मामीला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथे एक तरणी पोर, तुझ्याच वयाची, गोड बोलणारी. म्हणाली, ‘आजी, अंगठा नाही तर चेहऱ्याने करू. फोनकडे बघा, डोळे मिचकवा.’ मला कुठे ठाऊक! कचेरीत शिरले की माझा पदर आपोआप कपाळावर येतो, पन्नास वर्षांची खोड. ती फोन वर करी, मी पदर ओढी. मामी कानात, ‘आत्याबाई, पदर मांगे सारा!’ मी मागे सारायचे, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस बघतोय असं वाटलं की हात परत वर. शेवटी मामीने माझे दोन्ही हात धरून ठेवले आणि त्या पोरीने माझं उघडं डोकं फोनमध्ये धरलं. परक्या पुरुषांपुढे. डोळे मिचकवायचे होते, मी घट्ट मिटूनच घेतले. चार-पाचदा झालं. फोनवर माझ्या चेहऱ्याभोवतीचं गोल लालच राहिलं.

‘चेहरा जुळत नाही, आजी. आधारवरचा फोटो जुना आहे.’

त्या फोटोत मला कुंकू नव्हतंच, आताही नाही. गाल तेवढे बसलेत. मी म्हटलं, ‘बाई, मला सही येते. कुठे करू सांग.’ पिशवीतून पेन काढलं मी. ती म्हणाली, ‘सही नाही चालत, आजी.’

‘मग तू लिही ना, की ही बाई माझ्यासमोर बसली होती.’

‘माझ्या हातात नाही. नाव ठेवायचं की काढायचं, ते वरून होतं.’

वरून म्हणजे कुठून, ते तिलाही माहीत नव्हतं. तिचा चेहरा बघून मला तिचीच दया आली.

त्या संध्याकाळी तुला फोन केला तो यासाठीच. मला वाटलं, तुझ्या तिकडे गोऱ्या लोकांच्या राज्यात तरी नीट असेल, तू तर तिथल्या नगरपालिकेच्या खिडकीवरच बसतेस. आणि तू काय म्हणालीस? ‘मोठीमाय, इकडेपण तेच. म्हाताऱ्या बाया माझ्यापुढे येऊन रडतात. माझ्या पडद्यावर “नाही” असं लिहून येतं, आणि मी फक्त नीट शब्दांत सॉरी म्हणते. पुढच्या वर्षी ही खिडकीही बंद होणारे म्हणतात.’ मग तुझी बस आली. इकडे मी फोन हातात धरून बसले. तोवर वाटत होतं आपलं गाव मागे आहे म्हणून असं होतंय, कुठेतरी पुढे नीट असेल. ते पुढचंही तू सांगून टाकलंस. त्या रात्री मी उठून दोनदा पेटीतलं कार्ड बघितलं, नाव आहे ना ते.

आता असं ठरलंय. कचेरीतल्या त्या पोरीने सांगितलं, आधारचे ठसे आणि फोटो नवे करा, पण त्याआधी महिनाभर बोटांना आराम द्या, मिरचीला हात लावू नका, रोज तेल चोळा, रेघा परत येतील. म्हणून मी खाटेवर बसलेय, हात तेलकट, आणि अंगणात मामी एकटी मिरची खुडतेय. रोज सकाळी उन्हात अंगठा धरून बघते. एखादी रेघ दिसल्यासारखी वाटते, मग वाटतं, सुरकुतीच असेल ती. महिना संपेल तेव्हा मुदतीला थोडेच दिवस उरतात. तेव्हाही लाल झालं तर काय करायचं, हे विचारायलाही कोणी नाही.

म्हणून सांगते, तू ये. सुट्टी मिळत नाही वगैरे ऐकणार नाही मी. खिडकीवर बसून परक्या म्हाताऱ्यांना धीर देतेस ना, मग आपल्या म्हातारीच्या शेजारी एकदा कचेरीत बस. तो फोन तू धर. तुझ्यापुढे पदर सारायला मला लाज नाही वाटणार, तू सांगशील तेव्हा डोळे उघडीन, सांगशील तेव्हा मिचकवीन. आणि गोल तरीही लालच राहिलं, तर निदान माझा हात तरी धर.

येशील ना? मुदतीच्या आत ये. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करून ठेवते. ठेचा मात्र तुलाच कुटावा लागेल, मला मिरची बंद आहे.