सुनीलचे तळवे

देवीवर माझा विश्वास होता. माणसांवरचा उडाला होता. मी भिलाईच्या कारखान्यात फिटर, हुडको वसाहतीत राहतो आणि सुट्टीला कातळ चढतो. मागच्या हिवाळ्यात दुर्गच्या पुढे, देवीच्या टेकडीमागे चढताना माझा हात सुटला. दोर ताणला जायच्या आत मी दोन पुरुष उंचीइतका खाली आलो आणि घोटा मोडला. खाली दोर धरून होता माझा मेहुणा सुनील. त्यानेच दोर ढिला सोडला असावा, हा संशय मनात शिरला तो शिरलाच. त्याच्याशी धड बोलणंही मी टाकलं.

घोटा बरा झाल्यावर पुन्हा त्याच कातळाखाली उभा राहिलो. बायकोच्या आग्रहामुळे दोर धरायला सुनीलच होता. श्वास लांब सोडावा, फक्त पुढची पकड बघावी, हे शिकवलेलं सगळं पाठ होतं. पण जिथून पडलो होतो तिथे पोचताच ते सगळं विसरलो. पकडीऐवजी मी वळून वळून सुनीलच्या हातांकडेच बघत होतो.

पायथ्याशी एक म्हातारी सरपण वेचत होती. आमच्या पिशव्यांजवळ घुटमळते म्हणून तिच्यावरही माझी नजर होती. तीच ओरडली, "बेटा, ओ तो तोला देखत हे! तैं काबर खाल्हे देखथस? माई के नाव ले, ऊपर देख!"

तो तुला बघतोच आहे, तू कशाला खाली बघतोस, म्हणे! राग आला. तरी तोंडून "माय" निघालं आणि त्याबरोबर कोंडलेला श्वास सुटला. पुन्हा म्हटलं. मग डोक्यावर बोटभर कपार दिसली. ती आधीही तिथेच असणार. बोटं रोवली, भार टाकला आणि वर गेलो.

उतरल्यावर सुनीलने हातमोजे काढले. दोन्ही तळव्यांवर भाजल्यासारखे जुने वण होते.

"हे कशाचं रे?"

"तुमी पडले तवाचं. मोजे नव्हते, दोर हातातून सरकून राहिला होता. सोडला नाही मी."

"मले सांगितलं कावून नाही?"

"तुमी विचारलं कावून नाही, भाऊजी?"

मी म्हातारीची मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. ती काही न मागता उतारावरून निघून गेली. तिला देवीने धाडलं, की ती आपली सरपणालाच आली होती, मला ठाऊक नाही. मी दोघींनाही मनातून हात जोडले. दोराची गाठ मी अजूनही तपासतो, तपासायलाच हवी. पण एकदा तपासली की भार तिच्या हवाली करतो.

परतताना गाडी सुनीलने चालवली. दुर्ग यायच्या आधीच, त्याच्या शेजारी, मला गाढ झोप लागली.