ट्यूबीचं शेपूट

आधी माफी मागतो. आमच्या घरात अंगठा न लावता सही करणारा मी पहिलाच. दोन वर्षं कॉलेजात बसलो म्हणून लगेच लिहायला घ्यावं, याचा माझा मलाच संकोच वाटतो. पण ही गोष्ट मी गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिली आहे, म्हणून धीर करतो.

माझ्या मामाचं गाव आसेगावच्या पलीकडे. बहात्तरच्या दुष्काळात तिथल्या तलावाचा तळ दिसला होता. पुढे तो काठोकाठ भरला आणि मासेमारांच्या मंडळानं त्यात माशांचं बी सोडलं. मामा शेतमजूर. त्याला वर्षभर मासे धरायचा पास हवा होता, पण लाकडी डोंगा कुठून आणणार? त्यानं शेलूबाजारच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या दोन जुन्या ट्यूबा आणल्या, फुगवून एकामागं एक बांधल्या आणि वर बाजेची चौकट आवळली. दोन हातांत दोन फळकुटं घेऊन तो वल्हवायचा. अडचण एकच होती. उजवा हात मारला की ट्यूब डावीकडे फिरे, डावा मारला की उजवीकडे. वाऱ्याची झुळूकही नसलेल्या पाण्यात ती भोवऱ्यासारखी गरगरायची आणि मागं सोडलेलं जाळं गुंडाळून यायचं.

मंडळाचा म्हातारा प्रमुख काठावर बिडी ओढत म्हणाला, "तुह्या ट्यूबीले तोंड कुठं अन् बूड कुठं, हे तिलेच माईत नाही. दिवाळी झाल्यावर, बाजाराच्या दिवशी, तलावाच्या भिंतीपासून त्या बाभळीलोक एका दमात सरळ जाळं टाकून दाखव. मंग पास."

मी तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे होतो. भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर मी आकृती काढली. पाण्यात एक फळी उभी धरली, तर नाव आडवी सरकणार नाही. एवढं सुचलं आणि माझी झोपच उडाली. सकाळी साबणाच्या खोक्याची हातभर फळी कापली, ट्यूबच्याच रबरी पट्ट्यांनी चौकटीखाली बांधली. बांधली ती पुढच्या टोकाला. का, तर आमचं सगळं वळण पुढून: बैल पुढे, जू पुढे. मामालाही ते पटलं.

"बैल जिकडं नेतीन तिकडंच गाडी जाते," तो म्हणाला.

मामानं दोन हात मारले आणि नाव उलटी फिरून काठाशी उभ्या माझ्याकडे तोंड करून थांबली. पूर्वी निदान चार हात तरी लागायचे. घाटावर कपडे धुणारी एक बाई म्हणाली, "भाऊ, आले काय वापस? चाय ठेवू?"

मी शरमेनं वही मिटली. मामा मात्र हसला नाही. उथळ पाण्यात एक बारीक मासा पळाला, त्याच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"भाश्या, आपण बैल जुतला रे. हे त मासोयी आहे. मासोयीले कासरा कुठं राह्यते? शेपटीवरच जाते ना थे."

आम्ही फळी सोडून मागच्या टोकाला बांधली, चार बोटं खोल. मामा थोडा मागं सरकून बसला. उजवा हात, डावा हात. तोंड जरासं डुललं आणि परत जागेवर आलं. पुन्हा मारले, पुन्हा तसंच. नाव जाऊ लागली! मागं पाण्यावर रेघ उमटत होती, वहीत पट्टीनं मारावी तशी, आणि मी काठानं चिखल तुडवत तिच्याबरोबर पळत होतो. मध्यावर पोचल्यावर मामानं फळकुटं वर धरली, तरी नाव आपली सरळच चालली होती. मी काठावरच बसलो आणि काय घडलं ते वहीत लिहून काढलं.

बाजाराच्या दिवसाआधीच माझी सुट्टी संपली. वाशीमला कॉलेजात परत आलो, पण प्रयोगशाळेत मन लागेना. रबरी पट्ट्यांच्या गाठी मी मारल्या होत्या. ओल्या होऊन त्या सुटल्या, तर मामाचा पास माझ्यामुळे बुडणार होता. मामाच्या गावाकडून येणारी मंगरूळपीरची एसटी आली की मी स्टँडवर जाऊन चेहरे बघायचो. बाजाराचा दिवस गेला. चार दिवस गेले, सहा गेले.

आठव्या दिवशी मामाचा शेजारी कोर्टाच्या तारखेला आला. त्यानं आधी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या.

"गेलं जाळं सरळ," तो म्हणाला. "बाभळीपाशी फळी गाळात रुतली अन् मोडली. पण तवरोक तुह्या मामाचा हात बाभळीले लागला होता. पास भेटला. येतानी सागाच्या दोन फळ्या घेऊन ये म्हणे. दुसरी कोनाले, ते मले इचारू नोको, पण मंडळाच्या त्या बुढ्यानंबी काल शेलूबाजारातून ट्यूबा आनल्या."