फोडीचा वाटा

मुरुडच्या स्टँडवर लातूरची गाडी सकाळी सव्वासातला लागत असे. मी नोकरीसाठी नांदेडला निघाले त्या दिवशी पोचवायला दोघं आली होती, आई आणि दादा. अण्णा, म्हणजे वडील, घरीच थांबले. दादानं बॅग वर चढवली. आईनं खिडकीतून डबा दिला आणि म्हणाली, "अहमदपूर गेल्यावर उघड. आधी न्हाई."

लातूरला गाडी बदलली. अहमदपूर मागं पडल्यावर डबा उघडला. दोन ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी आणि भाकरीच्या घडीत दडवलेली मटणाची एक फोड.

ती एक फोड काय होती हे कळायला आदल्या दिवशीचं जेवण सांगावं लागेल. माझ्या निरोपाचं म्हणून मटण आणलं होतं. आमच्याकडे चार घरं मिळून बोकड पाडतात. मांसाचे सारखे ढीग पळसाच्या पानांवर मांडतात. एका ढिगाला म्हणतात वाटा. अण्णा आमचा वाटा घेऊन आले. मटणाची चूल अंगणात, भांडी वेगळी. मसाला आईनं आणि मी वाटला, पातेलं ढवळलं अण्णांनी, आणि वाढायची पळीही त्यांच्याच हातात. पळी बुडवताना ते दर वेळी एकच वाक्य म्हणत: "फोडी पोरायला, रस्सा पोरीयला." माझ्या निरोपाच्या जेवणातही म्हणाले. दादाच्या ताटात सात फोडी पडल्या. माझ्या वाटीत रस्सा, त्यावर बोटभर तर्री. आई सगळ्यांच्या मागून पातेलं भाकरीनं पुसून जेवली. मग ती एक फोड तिनं कधी आणि कुठून काढली, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. मी अजून नांदेडलाच आहे. एका वर्तमानपत्रात डेस्कवर काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्यांतली पडताळणी न झालेली विधानं काढून टाकणं हे माझं काम. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. चूल आत, भांडी एकच. मटण सोमवारीही शिजतं.

गावात राहिलेल्या मैत्रिणींना वाटतं, बाहेर पडलेल्या आम्ही सगळं विसरतो. तसं होत नाही. शहरात आठवायला जागा जास्त मिळते. दरमहा मटण आणताना मी दुकानदाराला सांगते, हाडं नकोत, नुसत्या फोडी द्या. तो हसतो. म्हणतो, "मॅडम, रश्श्याला चव हड्डीनंच येते." मी म्हणते, रस्सा करायचा नाही.

रस्सा करायचा नाही, हे ठरवूनच मी तो कोरियन पद्धतीचा पास्ता शिकले. ऑफिसातल्या एका मुलीच्या डब्यात पहिल्यांदा खाल्ला. मिरचीची आंबवलेली लाल पेस्ट, तिला गोचुजांग म्हणतात. लोणी, लसूण, पाकिटातली क्रीम, आणि मांस. तिखट आहे, पण तिखट आधी गोड बोलतं आणि मागून चावतं. मला आवडलं ते दुसरंच. त्यात वाहणारं काही नाही. सॉस पास्त्याला धरून बसतो. वाटीत ओतून कुणाची बोळवण करता येईल असं त्यात काही उरत नाही.

पहिल्यांदा केला तेव्हा बिघडवला. फोडी कुकरला शिजवल्या, लसूण परतला, पेस्ट घातली, क्रीम घातली आणि वाट बघत उभी राहिले. कशाची, हे दहा मिनिटांनी लक्षात आलं. मी तर्री वर यायची वाट बघत होते. आमच्याकडे तर्री वर आल्याशिवाय कालवण झालं असं कुणी म्हणत नाही. तर्री आली नाही. क्रीम फुटली, चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे. ते फेकलं नाही. आईनं दिलेलं येसर घरात होतं, भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. आई सांगायची, "रस्सा पातळ झाला तर येसर लावावं, समद्यायला पुरतंय." त्याचा एक चमचा लावला. सॉस मिळून आला. तेव्हापासून मी येसर घालते. पुरवण्यासाठी नाही, चवीसाठी.

अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली: आई, दादा, मी. गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. "काय करायलीस? रविवारी येतो. एक सही पाहिजे." कशावर, ते त्यानं सांगितलं नाही. मला माहीत होतं. आमच्या आत्यानं अशीच सही केली होती, तिला साडीचोळी मिळाली. त्यानंतर ती माहेरी आली की अण्णा तिलाही रस्साच वाढत.

रविवारी सकाळी मी अर्धा किलो फोडी आणल्या. तयारी शांतपणे केली. फोडी शिजवल्या, लोण्यात परतून बाजूला काढल्या. सॉस वेगळा केला. पास्ता त्यात घोळवला. फोडी मुद्दाम मिसळल्या नाहीत.

दादा साडेबाराला आला. घर बघितलं, गॅलरीतल्या कुंड्या बघितल्या. म्हणाला, "लई मोठी झालीस की, मंगे." ताटावर बसला. मी पळी घेतली. त्याला पास्ता वाढला, भरपूर, वर सॉस. मग माझ्या ताटात पास्ता घेतला आणि फोडी वाढल्या. सात. उरलेल्या पातेलीतच राहिल्या, झाकण घालून.

त्यानं चमच्यानं ताट उकरलं. "हे काय गं? तर्री न्हाई, काय न्हाई."

"कोरियन आहे."

"आन् फोडी?"

"फोडी पोरीला," मी म्हणाले. "तू सॉस घे. अजून वाढू?"

तो माझ्याकडे बघत राहिला. वाक्य त्यानं ओळखलं. त्याला वाईट वाटावं म्हणूनच मी ते म्हणाले होते, आणि ते वाटताना बघून मला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही.

"अण्णाचं डोक्यात धरून बसलीस का अजून? त्यायला काय कळत होतं. जुनी माणसं."

"तुला कळत होतं. सातांतली एक तरी कधी उचलून माझ्या वाटीत टाकलीस?"

तो तिखटानं नाक ओढत जेवला, ताट संपवलं. मग पिशवीतून कागद काढला. हक्कसोडपत्र. मी ते डेस्कवर बातमी वाचते तसं वाचलं. नावं बरोबर होती, गट नंबर बरोबर होता. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, सदर बहीण आपला हिस्सा स्वखुशीने सोडत आहे. मी लाल पेन घेतलं, "स्वखुशीने" या शब्दाभोवती गोल केला आणि समासात लिहिलं: पडताळणी झालेली नाही. कागद सहीविना परत दिला.

"म्हंजे?"

"म्हणजे माझा वाटा मी ठेवतेय."

"मग माहेर तुटलं म्हून समज."

"बरं," मी म्हणाले.

तो बूट घालेपर्यंत मी उरलेल्या फोडी डब्यात भरल्या, अकरा होत्या. वर थोडा सॉस घातला. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि त्यावर मार्करनं लिहिलं, आई. डबा त्याच्या हातात दिला. "आईला दे. अहमदपूर आलं तरी उघडू नकोस."

अठरा वर्षांपूर्वी तो एका फोडीचा डबा आईनं माझ्या हाती दिला, तेव्हा दादा शेजारीच उभा होता. आत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं, आणि तो डबा त्याला मांडीवर घेऊन चार-पाच तास बसायचं होतं. मला वाटतं, कागदापेक्षा तो डबा त्याला जड गेला असेल.

आता गाव म्हणजे माझ्यासाठी काय, असं बाहेर पडलेल्या मैत्रिणी विचारतात. पूर्वी मी आंबा, विहीर, स्टँड असं काही सांगत असे. आता सातबाऱ्यावरची एक ओळ सांगते. तिथं कुणी पळीनं वाढत नाही. नाव छापलेलं आहे. ज्या घरात सही केल्याशिवाय पाट मिळत नाही, तिथं मला बसायचं नाही. मी बांधावर बसेन. बांधही माझा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. कागदाचं तिनं काढलंच नाही.

"डबा पोचला," ती म्हणाली.

"पट्टी होती?"

"होती. मीच सोडली."

"किती फोडी होत्या?"

"मोजत कोण बसतंय माय. खाल्ल्या. दारात बसून, समद्या."

"दादा होता?"

"हाव. समोरच उभा होता," आई म्हणाली. "त्याला म्हनलं, सॉस उरलाय, घेतो का?"