पास झाल्याची तक्रार

"अरे, पास झालायस ना तू? मग घरी जा! पेढे वाट! माझ्या खिडकीत काय करतोयस?"

परीक्षा विभागाच्या चौदा नंबरच्या खिडकीतून हा आवाज आला तेव्हा आवारातल्या झाडांवरचे सगळे कावळे उडाले, आणि माझी माहिती अशी आहे की त्यातले निम्मे अजून परत आलेले नाहीत. खिडकीच्या अलीकडे दादूस उभा होता. दोन्ही हात मागे बांधलेले, मान थोडी पुढे, देवळात उभं राहावं तसा. आमच्या मागे नापास झालेल्या दीडएकशे मुलांची रांग होती. भरल्या ताटावरून उठणाऱ्याकडे उपाशी माणसं बघतात, तशी ती रांग त्याच्याकडे बघत होती.

"सायेब," दादूस म्हणाला, "पास झालो हेच तर लफडं हाय. तो पेपर माजा नाय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खिडकी बंद केली. जेवणाच्या सुट्टीला अजून सव्वा तास होता.

दादूस हे त्याचं खरं नाव नव्हे. उरणच्या बाजूला आगरी लोक थोरल्या भावाला दादूस म्हणतात. आमच्या पनवेलच्या कॉलेजात, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्गात, आम्ही सगळे विशीचे आणि हा एकटा एकोणतिशीचा. त्यामुळे पहिल्याच दिवशी वर्गाने त्याला एकमताने थोरला भाऊ करून टाकलं. मला तो कधी नावाने हाक मारत नसे. मी पनवेलचा, म्हणून 'पनवेल'. "ए पनवेल, सरक जरा," असं तो म्हणाला की खाडीपासून पळस्प्यापर्यंतचं अख्खं गाव बाकावरून सरकल्यासारखं वाटायचं.

आमचं विद्यापीठ केवढं होतं हे ज्यांनी तिथे शिक्षण घेतलं त्यांना सांगायला नको. त्याचं डोकं मुंबईत आणि शेपटी आमच्याकडे. शेपटीवर कुणी पाय दिला तर डोक्याला तीन महिन्यांनी कळायचं. आमच्या वर्गाच्या पटावर दोनशे दहा मुलं, बाकं साठ जणांची, आणि तरी रोज चार बाकं रिकामी. बाकीचे दीडशे फक्त हजेरीपुरते या जगात होते. आमच्यात एकेक असा कलाकार होता की पाच वेगवेगळ्या घशांतून 'येस सर' काढायचा. मी स्वतः एकदा एका मुलीची हजेरी लावली आहे. सरांनी मान वर केली नाही. उलट पुढच्या आठवड्यात त्या मुलीचं नियमितपणाबद्दल कौतुक केलं.

या सगळ्या कारखान्यात दादूस हा यंत्रात अडकलेला खिळा. एकशे चार नंबर पुकारला की मागून कुणीतरी बारीक आवाजात 'येस सर' म्हणे, आणि पहिल्या बाकावरून दादूस शांतपणे सांगे, "तो नाय आयला, सर. तो पलस्प्याला मिसल खातंय." रागाने नाही, चहाडी म्हणूनही नाही, घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं. त्याला बदडायचं असं वर्गाने निदान सात वेळा ठरवलं. पण तो उरणजवळच्या द्रोणागिरीच्या एका गोदामात पेट्या चढवायचा आणि त्याच्या दंडाचा घेर माझ्या कमरेएवढा होता. त्यामुळे ठराव दर वेळी पुढच्या बैठकीवर जायचा.

"दादूस, तुला काय मिळतं रे हे करून?" मी एकदा विचारलं.

"मिलायचं काय?" तो म्हणाला. "सरांनी इचारलं तो हाय का. तो नव्हता."

ते गोदाम जिथे उभं होतं तिथे त्याच्या आजोबांची भातखाचरं होती. तो कामाला निघताना "खाचरात जातो" असंच म्हणायचा. बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरातल्या एकाला तिथल्या एका कंपनीत नोकरी मिळणार होती. पदवी असेल तर ऑफिसात खुर्ची, नसेल तर गेटवर उभं राहायचं. आणि पदवीची मार्कशीट तिसावं वर्ष पुरं व्हायच्या आत टेबलावर पडली पाहिजे. दादूसने बारावीनंतर आठ वर्षं पेट्या उचलल्या होत्या. मग घरातल्यांनी खुर्चीचं मनावर घेतलं आणि त्याला कॉलेजात घातलं. खुर्चीचा विषय निघाला की त्याची आई हात जोडायची. मी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो तेव्हा तिने मला भाकरी वाढता वाढता विचारलं, "ती गोल फिरनारी असते ना रं?" मी म्हटलं, असते. फिरते, वर होते, खाली होते, मागे झुकते. मनात आलं असतं तर मी ती खुर्ची उडवलीही असती.

शेवटचा पेपर अर्थशास्त्राचा. केंद्र नव्या मुंबईतलं, एका बाकावर दोघं. दादूसच्या शेजारी आफ्रीन नावाची मुलगी होती, आमच्याच कॉलेजच्या दुसऱ्या तुकडीतली. उत्तरपत्रिकेवर चिकटवायच्या बारकोडच्या पट्ट्या पर्यवेक्षकांनी दोघांच्या मध्ये टाकल्या, आणि वरचा पंखा असा होता की त्याने हेलिकॉप्टरची नोकरी करायला हवी होती. पट्ट्या उडून खाली गेल्या. दादूस वाकला, दोन्ही उचलल्या, एक तिला दिली, एक स्वतः चिकटवली. पट्टीवरचे आकडे मुंगीच्या पायाएवढे. दोघांच्या नंबरात शेवटच्या आकड्याचाच फरक.

मग तीन तास त्याने लिहिलं. म्हणजे दीड तास लिहिलं आणि दीड तास पंखा बघितला. बाहेर येऊन मला म्हणाला, "पनवेल, तीस पडले तर नारल फोडीन."

पडले एकाहत्तर.

मी निकाल मोबाईलवर बघून ओरडलो. माझे अठ्ठेचाळीस मी विसरूनच गेलो. दादूसने मोबाईल हातात घेतला, बराच वेळ बघितला. मग त्याने एक आकडा बदलून शेजारचा नंबर टाकला. आफ्रीन, अर्थशास्त्र, एकोणतीस, नापास.

"हे एकोनतीस माजं," तो म्हणाला.

इथून पुढे मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही आणि लाजही नाही. मी त्याला थापा मारल्या. तपासणारे झोपेत मार्क देतात, म्हटलं. तक्रारीची मुदत काल संपली, म्हटलं. माझ्या मामाच्या शेजाऱ्याने अशीच तक्रार केली तर विद्यापीठाने त्याची दहावीसुद्धा परत घेतली, असंही सांगितलं. दादूस सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "तुजा मामा कंदी भेटवतोस?"

शेवटी मी व्यवहाराचं बोललो. "हे बघ, आधी मार्कशीट कंपनीत जमा कर. खुर्ची मिळू दे. मग कर की तक्रार."

त्याने जरा विचार केला. "मंग तक्रार कोन करंल?" तो म्हणाला. "मी नाय करनार. मना मी माईत हाय."

म्हणून आम्ही चौदा नंबरच्या खिडकीत गेलो. चौदाने सोळाकडे पाठवलं. सोळाला वाटलं आम्ही चेष्टा करतोय. नऊ नंबरच्या बाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं, शेवटी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "बाळ, घरी कुणी मोठं माणूस नाही का?" उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायचा अर्ज नापासांसाठी असतो, पास झालेल्याने तो भरला तर कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचा हेच कुणाला माहीत नव्हतं. तरी अर्ज गेला. सहा आठवड्यांनी प्रत आली. अक्षर असं की लग्नपत्रिका छापायला द्यावी. दादूसचं अक्षर म्हणजे खेकडा शाईत पडून घाबरून पळालेला. ती प्रत घेऊन आम्ही परत विद्यापीठात.

किती खेपा झाल्या ते मी लोकांना सांगताना चाळीस सांगतो. खऱ्या अकरा. पनवेलच्या स्टँडवरून एसटी, मग दुसरी बस, मग ते आवार, जिथे एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाईपर्यंत माणसाची दाढी वाढते. पहिल्या दोन-तीन वेळा मी भांडलो. पुढच्या दोन-तीन वेळा आम्ही हसलो. त्यानंतर काही नाही. रांग पुढे सरकली की आम्ही पुढे सरकायचो, खिडकी बंद झाली की भिंतीला टेकायचो. कुणी "पुढच्या आठवड्यात या" म्हणालं की मान हलवायचो. येताना बसमध्ये एकमेकांशी बोलायचो नाही, आणि बोलत नाही हेही लक्षात यायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायला एरवी पोलीस लागतात.

कंपनीतून दोनदा फोन आला. "मार्कशीट आणताय ना?" मार्कशीट दादूसच्या घरी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत होती. पास, प्रथम श्रेणी, वर विद्यापीठाचा शिक्का. त्याची आई रोज कपाट उघडायची आणि बंद करायची. मुलाला ती काहीच म्हणाली नाही. मला मात्र एकदा दारापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "तू तरी सांग ना रं त्याला."

मी म्हटलं, सांगतो. सांगून झालेलं होतं.

तो तिशीचा झाला त्या दिवशी आम्ही अकराव्यांदा गेलो होतो. त्या दिवशी खिडकीत नवीन मुलगा होता. त्याने फाईल चाळली, ती प्रत आणि दादूसने हाताने लिहिलेला अर्ज शेजारी-शेजारी ठेवले, दोन अक्षरं पाहिली आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. अदलाबदल झालीय." बस, एवढंच. चार महिने जे दहा खिडक्यांना दिसलं नाही ते त्याला अर्ध्या मिनिटात दिसलं. मला वाटलं होतं, या क्षणी मी काहीतरी करीन. टाळ्या वाजवीन, रडेन, किमान शिवी देईन. मी त्याला लिहायला दिलेलं पेन परत मागितलं, कारण ते माझं होतं.

तीन आठवड्यांनी निकाल बदलला. दादूस एकोणतीस, नापास. आफ्रीन एकाहत्तर, पास. कंपनीच्या ऑफिसातली खुर्ची तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती. दादूसला गेट मिळालं. फेरपरीक्षेचा फॉर्म मी त्याच्यासाठी आणला होता. त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि भरला नाही.

"तिला कलवलं का कोनी?" त्याने मला एवढंच विचारलं. "तू जा. तुला बोलता येतं."

आफ्रीनच्या वडिलांचं पनवेलच्या बाजारात घड्याळांचं दुकान होतं. मी गेलो तेव्हा ती काऊंटरवर एका म्हाताऱ्याच्या घड्याळाला पट्टा लावत होती. बोलता येणारा मी, तिथे पोचल्यावर एकच वाक्य सुचलं.

"तुम्हाला अर्थशास्त्रात एकाहत्तर आहेत. ते एकोणतीस तुमचे नव्हतेच."

तिने पट्टा पूर्ण लावला, म्हाताऱ्याच्या मनगटावर बांधून दिला. मग म्हणाली, "मी कॉमर्स सोडलं. लॅबचा कोर्स करतेय आता."

"पण तुम्ही पास आहात. पदवी मिळेल."

"माझा सगळ्यात आवडता विषय होता तो. त्यात एकोणतीस बघितले तेव्हा अब्बांना म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, उगाच कशाला रेटायचं." तिने किल्ल्यांचा जुडगा उचलून खाली ठेवला. "कुणी शोधून काढलं हे?"

"माझ्या मित्राने. शेजारी बसला होता तुमच्या."

"मग त्यांचं?"

"नापास."

"अरेरे," ती म्हणाली. "मार्कशीट कॉलेजात असेल ना? येईन कधीतरी." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी द्रोणागिरीला गेलो. दादूस कंपनीच्या गेटवर निळ्या गणवेशात उभा होता. गणवेश दंडाला तंग होत होता. आत जाणाऱ्या ट्रेलरचा नंबर तो वहीत लिहीत होता आणि ड्रायव्हर खोळंबून हॉर्न देत होता, कारण दादूस नंबर एकदा लिहून, पुढे जाऊन पाटीशी ताडून बघायचा. मी त्याला सगळं सांगितलं. त्यात एक शब्दही माझा घातला नाही. ती कॉमर्स सोडून गेली, तिला आता त्याचं काही नाही, हेही सांगितलं. खरं म्हणजे मला वाटत होतं की निदान आता तरी त्याने हात आपटावा, मला शिव्या द्याव्यात, काहीतरी करावं.

ट्रेलर आत गेला. त्याने दांडी खाली घेतली.

"बरं," तो म्हणाला. "पेपर तिचाच व्हता."